हरलेल्या पोराची आई



पावसाळा सरत आला की शाळांच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा सुरू होतात. तेव्हा यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर दोन खेळ चालतात. एक मैदानात, पोरांचा. दुसरा कडेला पायऱ्यांवर, आपला. पोरांच्या खेळात एक जिंकतो, एक हरतो आणि अर्ध्या तासात दोघं एकाच गाडीवर उसाचा रस पीत उभे असतात. आपल्या खेळात मात्र कोणीच हरत नाही. पंच विकला गेलेला असतो, ड्रॉ मुद्दाम तसा काढलेला असतो, समोरचा मुलगा वयानं मोठा असतो, आणि यातलं काहीच सापडलं नाही तर सकाळी निघताना कोणाची तरी नजर लागलेली असते. कर्मसिद्धांत मानणाऱ्या घरांत ही नजर कुठून शिरली, हे मला अजून कळलेलं नाही.

या दुसऱ्या खेळावर आज लिहिते आहे, आणि गोड लिहिणार नाही.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. शिवराज राक्षे, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल, पृथ्वीराज मोहोळकडून चितपट झाला असा निकाल पंचांनी दिला. खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. त्यानं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निकाल बरोबर होता की चूक यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली, आणि तो वाद कुस्तीतल्या जाणकारांनी करावा. ती चित्रफीत आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आली होती. खाली आपल्याच बायकांनी काय लिहिलं ते आठवतं का? ‘बरोबर केलं’, ‘अन्याय सहन का करायचा’. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या बायका आपण.

तुम्ही म्हणाल, आमची मुलं कुठे कोणाला लाथा मारतात? नाही मारत. आपल्या मुलांची लाथ वेगळी असते. रॅकेट आपटायची, समोरच्याकडे न बघता बोटं टेकवून हात काढून घ्यायचा, बक्षीस समारंभाला थांबायचं नाही, दुसऱ्या दिवसापासून सरावाला जायचं नाही. आणि घरी आल्यावर आई म्हणते, ‘जाऊ दे बेटा, ते सरच बरोबर नाहीत, आपण क्लास बदलू.’ पोरगा दहा वर्षांचा. त्याला आपण पहिला धडा काय दिला, तर हरलं की माणूस बदलायचा. दुकानातला नोकर, शाळेतली बाई, पुढे कदाचित बायकोसुद्धा.

आपल्याकडे या विषयावरची जगातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि आपण ती अर्धीच सांगतो. भरत आणि बाहुबली. पाठशाळेत मुलांना काय शिकवतो? बाहुबली जिंकले आणि जिंकूनही राज्य सोडून गेले, केवढा त्याग! खरंच केवढा. पण त्या गोष्टीत हरलेला एक जण आहे, त्याच्याकडे आपण बघतच नाही.

दोन्हीकडे सैन्य उभं होतं. हजारो माणसं मरण्यापेक्षा दोघा भावांनीच निकाल लावावा असं ठरलं. नियम ठरले. आपल्या दिगंबर पुराणांत तीन युद्धं सांगितली आहेत: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. श्वेतांबर परंपरेत प्रकार वेगळे मोजतात, गाभा तोच. म्हणजे हिंसा टाळण्यासाठी खेळ शोधला गेला, ही केवढी आधुनिक कल्पना! भरत तिन्हींत हरला. चक्रवर्ती, सहा खंड जिंकून आलेला, धाकट्या भावानं सगळ्यांसमोर उचलून धरलेला. आणि त्यानं काय केलं? ठरलेले नियम मोडून चक्र सोडलं. आखाड्यातली लाथ ती हीच, फक्त चक्राच्या रूपातली. चक्र बाहुबलींना प्रदक्षिणा घालून थांबलं, त्यांना इजा झाली नाही, आणि ते पाहूनच बाहुबलींचं मन राज्यावरून उठलं.

पुढचा भाग ऐका. बाहुबली वर्षभर उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं झाली, तरी केवलज्ञान होईना. मनात एक शल्य अडकलेलं. आपल्या परंपरेत सांगतात, ते शल्य भरताविषयीचं होतं. कोणी म्हणतं, भरताच्या भूमीवर उभा आहे ही बोच, कोणी म्हणतं, माझ्यामुळे भाऊ दुखावला ही बोच. श्वेतांबर कथेत ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येऊन सांगतात की भावा, हत्तीवरून उतर. आपल्या कथेत भरत स्वतः येतो, पूजा करतो, नमस्कार करतो, आणि शल्य निघून जातं.

हरलेल्यानं येऊन हात जोडले तेव्हा जिंकलेला मोकळा झाला. मला वाटतं ही गोष्ट आपण मुलांना अशी सांगायला हवी. सामना संपल्यावरचा हात मिळवणं म्हणजे हरलेल्याची समजूत नाही, शिष्टाचार तर नाहीच. जिंकणाऱ्यालाही कुठेतरी टोचत असतं. ते काढायची ताकद फक्त हरलेल्याकडे असते. थंड देशांत बर्फावरची हॉकी खेळतात. त्या खेळात मारामाऱ्या इतक्या की दात पडलेले खेळाडू फोटोत हसताना दिसतात. पण बाद फेरीची मालिका संपली की दोन्ही संघ समोरासमोर रांगेत सरकत एकेकाशी हात मिळवतात. वर्षानुवर्षं ही पद्धत चालू आहे. त्यांनी भरताचं नावही ऐकलेलं नाही.

आता बोलीकडे वळते. रागावू नका.

मुलं हरणं कुठे शिकतात? क्रिकेट बघून थोडं, आपल्याला बघून जास्त. पर्युषणात, महावीर जयंतीला, अभिषेकाची किंवा आरतीची बोली लागते. दोन घरं वर वर जातात, तिसऱ्या हाकेला एकाला मिळते. ज्याची बोली सुटली त्याचा चेहरा बघा. काही जण अनुमोदना करतात, मोठ्यानं जयजयकार करतात, आरतीला पुढे उभे राहतात. आणि काही घरं आरतीच्या आधीच चपला शोधायला लागतात. गाडीत बसल्यावर जे बोललं जातं ते मागच्या सीटवरचं पोरगं ऐकतं: ‘त्यांच्याकडे आत्ताच आलाय पैसा’, ‘समितीवाल्यांनी हातोडा लवकर मारला’. हातोडा लवकर मारला म्हणजे काय? पंच विकला गेला, दुसरं काय. मग तेच पोरगं जिल्हा स्पर्धेत तेच वाक्य बोलतं तेव्हा आपण आश्चर्यानं विचारतो, हा असं कुठून शिकला!

महावीर जयंतीच्या प्रश्नमंचाचंही तेच. मुलं मंचावर, आया खालून ओठ हलवून उत्तरं सांगतात. चोवीस तीर्थंकरांची लांछनं विचारली तर अर्धा सभामंडप ओठांनी हरिण, कासव, शंख करत असतो. आणि मग नाराजी नको म्हणून सगळ्यांना सारखंच बक्षीस, सारखाच स्टीलचा डबा. मुलांना हे फसवणं वाटतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. कोण किती बरोबर बोललं ते त्यांना नेमकं माहीत असतं.

काही काकू मला सांगतील, स्पर्धाच मुळात कषाय वाढवते. क्रोध, मान, माया, लोभ, चारही मैदानावर हजर. मुलांना खेळात घालूच नये, सामायिकाला बसवावं. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण मग दहावीच्या टक्क्यांचे पेढे वाटणं बंद करा. कोणाच्या सुनेनं अठ्ठाई केली आणि कोणाच्या सुनेनं तेलाच केला, याची मोजणी बंद करा. तपाची मिरवणूक चालते, मग खो-खोत कषाय दिसतो का? स्पर्धा आपल्या घरात स्वयंपाकघरापर्यंत आलेली आहे. मैदानावर निदान शिट्टी वाजते आणि खेळ संपतो.

बुद्धिबळात मला एक गोष्ट फार आवडते. मोठ्या डावांत खेळाडू आपापल्या चाली लिहितात आणि डाव संपला की निकाल लिहून दोघं सही करतात. हरलेल्यालाही स्वतःच्या हातानं सही करावी लागते. आणि बहुतेक वेळा मात होईपर्यंत थांबतही नाहीत. आपण हरलो हे आपणच कबूल करून हात पुढे करतात. पंचाला दोष द्यायला जागाच नाही.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. एकोणीस वर्षांची पोरगी, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आईच्या गळ्यात पडून रडली. विदर्भाची म्हणून मलाही भरून आलं. पण पटाच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं? कोनेरू हंपी. अडतीस वर्षांची, एका लेकीची आई, बाळंतपणानंतर परत येऊन २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या डिसेंबरात जलद बुद्धिबळाची विश्वविजेती झालेली. आधीचे डाव बरोबरीत सुटले आणि शेवटी जलद डावात, म्हणजे तिच्याच प्रकारात, घड्याळ संपत आलेलं असताना तिच्याकडून चूक झाली. तिनं हात मिळवला. आपल्या एकाही स्टेटसवर तिचा फोटो नव्हता.

सगळेच थोर असे वागतात असंही नाही. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला नॉर्वेत मॅग्नस कार्लसन आपल्या गुकेशकडून हरला आणि त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. चौतीस वर्षांचा माणूस, जगात पहिला. पण त्याच मिनिटात त्यानं हात मिळवला, माफी मागितली आणि जाताना गुकेशच्या पाठीवर थाप दिली. ‘मिच्छामि दुक्कडम्’ला आपण संवत्सरीची वाट बघतो आणि तीही व्हॉट्सअ‍ॅपवर, फुलांच्या चित्रासह, एकगठ्ठा सगळ्यांना.

आणि खरोखरच अन्याय झाला तर? होतो. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांची जपानच्या इशीशी लांबलचक कुस्ती झाली, आणि लगेच पुढच्या कुस्तीला उभं राहायला सांगितलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो बोलून दाखवायला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेले खाशाबा सोव्हिएत मल्लाकडून हरले. कांस्यपदक घेऊन गोळेश्वरला परतले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना अन्याय मुकाट सोसायची हौस नव्हती. त्यांच्या बाजूनं नियम सांगणारं माणूस हजर नव्हतं. आपण आयांनी त्या माणसाचं काम करायचं. वयाचा दाखला खोटा वाटतो? सामन्याआधी लेखी हरकत द्या, शुल्क भरा, संघाच्या शिक्षकांना पुढे करा. हरल्यानंतर पायऱ्यांवरून ओरडणं म्हणजे हरकत नव्हे. ग्रेस गुणांच्या प्रमाणपत्रासाठी आपण क्रीडा कार्यालयाच्या तीन चकरा मारतो, मग नियमपुस्तिका एकदा वाचायला काय हरकत आहे?

एक मात्र करू नका. ‘रडू नको, समता ठेव’ असं मुलाला सांगू नका. समता म्हणजे डोळे कोरडे असणं नव्हे. रडू द्या. हात मिळवून झाल्यावर गाडीत, घरी, उशीत तोंड खुपसून, हवं तेवढं. त्या दिवशी सामन्याचं विश्लेषण नको, बाबांनाही करू देऊ नका. सूर्यास्ताआधी जेवायला घाला, बस.

आणि मुलींचं वेगळं लिहायला हवं, कारण तिथे मला खरा राग आहे. मुलगा हरला की आपण नवी बॅट आणतो, नागपूरची अकादमी शोधतो. मुलगी हरली की घरात सगळ्यांना सुटल्यासारखं होतं. ‘चला, झाली हौस. आता दहावी आहे, ऊन लागतं, रंग जातो.’ तिचा पराभव आपण निमित्त म्हणून वापरतो, आणि हे ती ओळखते. मग ती पुढे कुठेही हरायला घाबरते, कारण हरलं की सगळंच काढून घेतात. नोकरीच्या मुलाखतीला जात नाही, गाडी शिकत नाही, सासरी कधी स्वतःचं मत मांडत नाही. अशा बायका आपल्या समाजात किती आहेत, ते तुम्ही पुढच्या प्रवचनाला डावीकडे-उजवीकडे बघून मोजा.

तेव्हा यंदा पोरगी दुसऱ्या फेरीत हरून आली तर क्लासची फी, दहावी, रंग, यातलं काही काढू नका. पुढची स्पर्धा कुठे आहे एवढंच विचारा. दारव्ह्याला असेल तर सकाळी एसटी मिळते, आणि खाकरे डब्यात असतातच.