मळ्यात मातीकामाची शाळा



आपली बरीच मुले नोकरीपायी कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतात. त्यांतलाच एक परवा गट ऑफिसात आला. म्हणाला, “साहेब, आमच्या मळ्यात मातीचं घर बांधायची कार्यशाळा घेऊ का? लोक फी भरून चिखल तुडवायला येतील.” वडील शेजारीच होते. म्हणाले, “पैसे देऊन चिखल तुडवणारी ही कसली माणसं?”

माझे मत विचाराल, तर जरूर घ्या. सेवाग्रामची बापू कुटी माती-बांबूचीच; १९३०च्या दशकातली ती कुटी आजही उभी आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीही विसरू नका. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली हजारो माणसे गेली. म्हणून शिकाऊ हातांना राहते घर देऊ नका. अवजारांची खोली पुष्कळ झाली. पाया दगडी, छप्पर हलके, काम पावसाळ्याआधी पुरे. मळ्यातली काळी माती भिंतीला नको. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. दरसाल पेटवता त्यातल्या थोड्या पाचटाने छप्पर शाकारा. कोणाला लागले-खुपले तर खर्च कोणाचा, हे आधी कागदावर घ्या.

आणखी एक अट घालाच. शिकवायला गावातला जुना गवंडी हवा, आणि फीतला वाटा त्याच्या हातात पडला पाहिजे. तो गेल्यावर आपलीच विद्या शहरातून विकत आणावी लागेल.

– ऊस विकास अधिकारी