शीड कोणाच्या हाती?

१९६३ साली ब्रिटनमध्ये, मजूर पक्षाची बाजू घेणाऱ्या ‘डेली मिरर’ या दैनिकाने शिडाची एक लहान होडी लोकांपुढे आणली. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून ती घरीच बांधायची. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. अशा ७०,००० हून अधिक होड्या झाल्या. धनिकांची मिरासदारी असलेला खेळ कामगाराच्या अंगणात आला.

त्या जुन्या होड्या आज स्वस्तात मिळतात. तरीही नव्या होडीवाचून शर्यतीत निभाव लागत नाही, हा समज बळावला आहे. तो कोणाच्या हिताचा, हे सांगावयास नको.

‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’ पद्धतीत लागलेल्या वेळेला होडीच्या प्रकारासाठी ठरलेल्या अंकाने भागून १,००० ने गुणतात. त्यामुळे भिन्न होड्या एकत्र धावू शकतात. परंतु हा अंक प्रकाराचा, वयाचा नव्हे. जीर्ण शिडाला त्यात सवलत नाही. म्हणून क्लबांनी जुन्या होड्यांना वेगळे पारितोषिक द्यावे, तरुणांचे प्रवेशशुल्क नाममात्र करावे आणि सामायिक मालकीच्या होड्या पाळीपाळीने वापरू द्याव्यात.

याने दर्जा खालावेल, हा आक्षेप पोकळ आहे. पैशाचा फरक मिटला की कौशल्याचीच कसोटी लागते. वाऱ्यावर कोणाची मालकी नाही. शिडावर मूठभरांची का असावी?