हिमनदीची ठेव

केदारनाथचे मंदिर ज्या सपाट जागेवर उभे आहे, तशी जागा हिमालयात त्या उंचीवर सहज मिळत नाही. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंची, तिन्ही बाजूंना उभे कडे, आणि मध्येच मंदिर, बाजार व धर्मशाळा मावतील एवढे पटांगण. ही जागा चोराबारी आणि तिच्या शेजारची अशा दोन हिमनद्यांनी तयार केली आहे. वरून आणलेले दगड, गोटे आणि माती त्यांनी येथे टाकली व वितळलेल्या पाण्याने ती पसरवली. केदारनाथ हे जैन तीर्थ नव्हे. परंतु भगवान ऋषभदेवांचे निर्वाणस्थान अष्टापद कैलासाच्या परिसरात मानले जाते, आणि हिमालयाच्या यात्रेला जाणारी, तेथील धर्मशाळांना सढळ हाताने दान देणारी जैन कुटुंबे थोडी नाहीत. ज्या भूमीवर हे दान उभे राहते, ती कशी घडली हे जाणणे म्हणूनच अगत्याचे आहे.

उंच पर्वतावर पडलेला सर्व हिम उन्हाळ्यात वितळत नाही. वर्षामागून वर्षे थर साचतात, खालचा हिम दाबाने घट्ट होतो आणि त्याचा निळसर, कठीण बर्फ बनतो. त्याची जाडी पुरेशी वाढली की स्वतःच्याच भाराने तो उताराकडे सरकू लागतो. ही हिमनदी होय. जैन दर्शनाने हिम, दंव आणि गारा यांची गणना अप्कायात, म्हणजे सजीवांत केली आहे. विज्ञान हिमनदीला सजीव म्हणत नाही. मात्र ती वाढते, आक्रसते, मार्ग काढते आणि ओझे वाहते, हे वर्णन करताना शास्त्रज्ञांनाही सजीवांचीच क्रियापदे वापरावी लागतात.

हिमनदीचे खनन दोन प्रकारे चालते. तळाशी वितळलेले पाणी खडकाच्या भेगांत शिरते आणि पुन्हा गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे खडक फुटतो. सुटलेला तुकडा बर्फात रुतून बसतो आणि बर्फाबरोबर पुढे निघतो. दुसरा प्रकार घासण्याचा. बर्फ खडकापेक्षा पुष्कळ मऊ असतो, त्यामुळे निव्वळ बर्फाने पर्वत झिजत नाही. झिजवतात ते त्याच्या तळाशी अडकलेले दगड. शेकडो फूट बर्फाचा भार वरून दाबत असतो आणि खाली हे दगड कानशीसारखे फिरत असतात. खडकावर सरळ ओरखडे उमटतात आणि झिजलेल्या खडकाची मैद्यासारखी पिठी होते. हिमनदीतून निघणाऱ्या प्रवाहांचे पाणी दुधाळ दिसते, ते या पिठीमुळेच. नदी आपली दरी खाली कापत जाते, म्हणून ती अरुंद राहते. हिमनदी तळाबरोबर दोन्ही बाजूही घासते, त्यामुळे तिची दरी रुंद बुडाची, उभ्या भिंतींची होते.

खरा भेद मात्र वहनात आणि संचयनात आहे. नदी ही चोखंदळ व्यापाऱ्यासारखी माल निवडून ठेवते. वेग कमी झाला की प्रथम मोठे धोंडे, मग गोटे, मग वाळू आणि अखेरीस गाळ. तिच्या संचयात थर असतात, प्रतवारी असते. बर्फाला ही निवड ठाऊक नाही. घराएवढा धोंडा आणि चिमूटभर पिठी तो सारख्याच सहजतेने वाहून नेतो, आणि वितळला की दोन्ही एकाच ढिगात टाकून देतो. शालेय भूगोलात ज्याला हिमोढ म्हणतात, तो हा ढीग. हिमनदीच्या कडेला साचला तर पार्श्व हिमोढ, टोकाशी साचला तर अंत्य हिमोढ. बाहेरून तो पक्क्या टेकडीसारखा दिसतो, त्यावर गवतही वाढते. आतून मात्र तो सैलच असतो.

बर्फ एवढे मोठे धोंडे एवढ्या दूर नेऊ शकतो, हे युरोपातील विद्वानांना सांगणारा माणूस विद्वान नव्हता. स्वित्झर्लंडमधील बान्य खोऱ्यात झाँ-पियेर पेरोदँ नावाचा डोंगरात शिकार करणारा शेतकरी राहत असे. १८१५ मध्ये मिठाच्या खाणींचे संचालक झाँ द शार्पांतिए त्याच्या घरी एक रात्र मुक्कामाला होते. खोऱ्यात विखुरलेले प्रचंड धोंडे पाण्याच्या आवाक्यातले नाहीत, पूर्वी सारे खोरे हिमनदीने भरलेले असले पाहिजे, असे यजमानाने त्यांना सांगितले. शार्पांतिए यांना ती कल्पना इतकी अचाट वाटली की त्यांनी तिचा विचारही केला नाही. पुढे इग्नात्स वेनेत्स या अभियंत्याने पेरोदँचे म्हणणे उचलून धरले, मग शार्पांतिएही वळले, आणि त्यांच्याकडून ते लुई अगासी यांच्यापर्यंत पोहोचले. १८४० मध्ये अगासींचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हिमयुगाची कीर्ती त्यांच्या नावावर जमा झाली. शेतकऱ्याचे नाव आज थोड्यांनाच ठाऊक असते.

धोंड्यांवरून गेलेल्या बर्फाचा माग काढण्याची हीच रीत देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मंदाकिनीच्या खोऱ्यात वापरली. हिमोढातील वाळूच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला हे मोजण्याची पद्धत त्यांच्या मदतीला होती. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी येथील बर्फ रामबाड्यापर्यंत, म्हणजे सुमारे २,८०० मीटर उंचीपर्यंत उतरला होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने मागे सरला आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी केदारनाथजवळ होता. प्रत्येक टप्प्यावर त्याने आपली ठेव सोडली.

हिमनदी आक्रसली की तिचा पृष्ठभाग खचतो, पण कडेचा पार्श्व हिमोढ बांधासारखा उभा राहतो. हा बांध आणि डोंगराचा उतार यांच्यामधील खोलगट भागात पाणी साचते. केदारनाथपासून सुमारे दोन किलोमीटर वर चोराबारी ताल असाच तयार झाला होता. १९४८ मध्ये तेथे महात्मा गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या, तेव्हापासून त्याला गांधी सरोवर म्हणू लागले. पाणी बाहेर पडण्यास त्याला उघडी वाट नव्हती. तळातील अरुंद फटींतून जेवढे झिरपेल तेवढेच.

जून २०१३ मध्ये चोराबारी येथील संस्थेच्या तळावर १५ तारखेच्या सायंकाळपासून चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वरचा साचलेला हिमही त्या पावसाने वितळत होता. १६ जूनच्या सायंकाळी पहिला लोंढा आला. १७ जूनला सकाळी पावणेसातच्या सुमारास हिमोढाचा बांध फुटला आणि सुमारे ४०० मीटर लांब, २०० मीटर रुंद असलेला तो ताल पाच ते दहा मिनिटांत रिकामा झाला. तळावरील कर्मचाऱ्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले. ते पाणी निव्वळ पाणी राहिले नाही. वाटेतील सैल हिमोढ खरवडून धोंडे, माती आणि पाणी यांचा एकच लगदा वस्तीत शिरला. मंदिराच्या मागे एक प्रचंड शिला येऊन अडकली, प्रवाह तिच्यापाशी दुभंगला आणि मंदिर वाचले. रामबाडा मात्र नकाशावरून पुसला गेला. त्या आपत्तीत उत्तराखंडात पाच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली.

अतिवृष्टी कोणाच्या हाती नव्हती. परंतु सपाट दिसते म्हणून हिमोढावर आणि प्रवाहाच्या जुन्या पात्रात खोल्यांवर खोल्या चढवणे हा मनुष्याचा निर्णय होता, आणि त्यात पुण्यकर्म म्हणून दिलेला पैसाही होता. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवरात पार्श्व हिमोढाचा भाग कोसळला, पुढचा बांध फुटला आणि चुंगथांगचे तिस्तेवरील धरण वाहून गेले. त्या सरोवराचा धोका आधीच ओळखला गेला होता. पाणी उपसण्यासाठी २०१६ मध्ये तेथे नळही बसवले होते.

पर्वतातील बांधकामासाठी देणगी मागितली जाते, तेव्हा नकाशाबरोबर भूवैज्ञानिकाचा अहवालही मागता येतो. अहवाल नसेल तर पायासाठी खणलेला चर निदान पाहावा. चराच्या भिंतीत गोटे गोलसर आणि थराथरांनी बसलेले दिसले, तर ती नदीची माती. बोथट कोपऱ्यांचे लहानमोठे दगड पिठीत कसेही खोचलेले असतील, एखाद्यावर समांतर ओरखडेही असतील, तर ती बर्फाने टाकलेली आहे. मग डोंगराच्या वरच्या अंगाला पाणी कोठे साचते, एवढे विचारूनच धनादेशावर सही करावी.