दात गेले म्हणून जेवण जाऊ नये

बाजारात बैल घेताना आपण आधी त्याचा जबडा उघडून पाहतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, यावर किंमत ठरते. दात झिजलेल्या म्हाताऱ्या बैलाला अख्खा कडबा चावत नाही, म्हणून कुट्टी करून घालतो. गोठ्यातले हे शहाणपण स्वयंपाकघरात मात्र क्वचितच पोहोचते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटात काय उरले, हे कोण पाहतो?

तीही माणसे बोलत नाहीत. सुनेला वेगळे करायला लावायचे कशाला, म्हणून "भूक नाही" म्हणतात आणि ताट बाजूला सारतात. चहात बुडवलेला टोस्ट, नाहीतर पातळ आमटीत कुस्करलेले भाकरीचे चार घास, एवढ्यावर दिवस निघतो. पोट भरल्यासारखे वाटते, पण मटकीची उसळ, शेंगदाणे, गवार, मेथी, पेरू हे सगळे सुटते. म्हणजे नेमकी प्रथिने, लोह आणि चोथा गेला. मग मांड्या बारीक होतात, उठताना हात टेकावे लागतात, पोट साफ होत नाही. आपण म्हणतो, वय झाले. वयाचा वाटा आहेच, पण पुष्कळदा दोष ताटाचा असतो. पीक पिवळे पडले तर नत्र कमी पडले का, हे आपण आधी बघतोच ना?

तेव्हा पदार्थ तोडू नका, त्याचे रूप बदला. भाकरी कुस्करायची तर घट्ट वरणात किंवा दुधात कुस्करावी. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती आमटीच्या पाण्यातून येत नाहीत. शेंगदाणे भाजून बारीक कूट करावा, त्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मोडाची मटकी मऊ शिजवून रवीने घोटावी. शेवग्याचा पाला बारीक चिरून वरणात शिजवावा. अंडे चालत असेल तर उकडून कुस्करावे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. हुलग्याचे माडगे आणि नाचणीची आंबील तर आपल्या आज्यांनीच शिकवली आहे. फळात पिकली पपई, केळे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत.

मिश्रीचा विषय काढला की आयाबाया तोंड फिरवतात, तरी सांगतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दाढ शांत झाल्यासारखी वाटते, पण हिरडी दातापासून सुटत जाते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, अथवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच दाखवावे. कर्करोगाची सुरुवात असू शकते.

कित्येक घरांत कवळी टोचते म्हणून कोनाड्यात पडून असते. दात गेल्यावर हिरडीखालचे हाड झिजत जाते, त्यामुळे कवळी काही वर्षांनी सैल होते. ती दुरुस्त करून घेता येते किंवा नवी करता येते. रात्री काढून, धुऊन, साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात टाकल्यास वाकडी होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. ती लांब पडत असतील तर आधी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, आणि जाताना जुनी कवळी बरोबर न्यावी.