बाळाचा पट्टा घेताना

हल्ली नामकरणाच्या कार्यक्रमात कपडे-खेळण्यांबरोबर 'बेबी कॅरिअर' भेट देण्याची पद्धत पडू लागली आहे. पाचशे-सातशे रुपयांपासून आठ-दहा हजारांपर्यंत दर, आणि खरेदी बहुधा खोक्यावरचे गोंडस चित्र पाहून. महिन्याभरात पट्टा माळ्यावर जातो. आमचा पेशा कारकुनीचा, माळ्यावर पडलेले पैसे आम्हाला खटकतात. पण येथे प्रश्न केवळ पैशांचा नाही. चुकीचा पट्टा तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने झोळीसारख्या पट्ट्यांबाबत इशारा दिला होता. मागील वीस वर्षांत अशा पट्ट्यांशी संबंधित किमान चौदा मृत्यू त्यांच्या नोंदीत होते, आणि त्यांतील बारा बाळे चार महिन्यांच्या आतली होती. कारण साधे आहे. एवढ्या लहान बाळाने मान धरलेली नसते. खोल झोळीत ते मुडपून बसते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. किंवा नाक-तोंड कापडात रुतते. अशा वेळी बाळ रडत नाही, कारण रडायलाही श्वास लागतो. बरोबरच्या माणसांना वाटते, छान झोपले आहे.

म्हणून पहिले काही महिने बाळ आडवे नको, उभेच हवे, छातीशी घट्ट. आपण मान खाली केली की त्याच्या डोक्याची पापी घेता आली पाहिजे, इतके ते वर असावे. चेहरा सतत दिसला पाहिजे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. पाठीला आधार हवा, म्हणजे बाळ आत खचणार नाही. घरात बांधलेल्या झोळीची गोष्ट वेगळी. ती एका जागी असते. अंगावर घेऊन चालताना तीच पद्धत वापरू नये.

दुसरी गोष्ट खुब्याची. कित्येक स्वस्त पट्ट्यांत बाळ केवळ जांघेच्या पट्टीवर लटकते, पाय खाली लोंबतात. कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचले पाहिजे, मांड्या फाकलेल्या आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा जरा वर, बेडूक बसतो तसे. खुब्याचा सांधा पहिल्या वर्षात घडत असतो. पायाळू जन्मलेले बाळ असेल किंवा घरात कोणाला जन्मतः खुब्याचा दोष असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे. पाय सरळ करून दुपट्यात गच्च गुंडाळण्याची आपल्याकडची सवयही याच कारणाने सोडावी.

आता पट्टा कोणाच्या अंगावर बसणार, ते पाहू. लेबलवर बाळाचे किमान वजन लिहिलेले असते, बऱ्याच पट्ट्यांवर साडेतीन किलो. आपल्याकडे पुष्कळ बाळे अडीच-पावणेतीन किलोची जन्मतात. अशा बाळाला तो पट्टा पहिल्या दिवसापासून चालणार नाही. सिझेरियन झालेल्या आईला कमरेचा जाड पट्टा टाक्यांवर बोचतो. तिला वर बांधता येणारे कापड बरे. खांदा दुखत असेल तर एका खांद्यावरचा कड्यांचा पट्टा नको, दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा घ्यावा. आणि तो बापाच्या अंगालाही आवळून-सैल करून बसतो का, हे दुकानातच पाहावे. बापाने पट्टा बांधून चाळीच्या गॅलरीतून फिरायला काय हरकत आहे? हसणारे दोन दिवस हसतील.

कापडी पट्ट्याचे नाव काढले की आपल्या शिकलेल्या मुली नाक मुरडतात. "ऊसतोडीच्या बाईसारखे दिसते," म्हणतात. त्यांनी हे ऐकावे. ॲन मूर नावाची अमेरिकन परिचारिका १९६० च्या दशकात आफ्रिकेतील टोगो देशात गेली होती. तेथील बाया मूल कापडाने अंगाशी बांधून कामे करताना तिने पाहिल्या. मायदेशी परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी तिने तशी सोय करून घेतली आणि १९६९ मध्ये तिचे पेटंट झाले. 'स्नगली' या नावाने ती पिशवी बाजारात आली. मजूर बायांचे ज्ञान दुकानातून परत आले की त्याची किंमत वाढते, एवढेच. जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग, नीट बांधायला शिकून घेतला, तर मुंबईच्या उकाड्यात तो फोमच्या पट्ट्यापेक्षा सुसह्य ठरतो. मात्र विरलेले कापड किंवा घसरणारी सिंथेटिक साडी नको.

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत, किंवा दीक्षाभूमीवर, पुष्कळ माता तान्ही मुले घेऊन येतात. गर्दीत तोंड बाहेर करून बाळ बसवू नये. धक्का आणि आवाज थेट त्याच्यावर येतो आणि झोप लागली तर मान पडते. तोंड आतच ठेवावे. दर थोड्या वेळाने मानेच्या मागे हात लावून घाम पाहावा, आणि सोडून दूध पाजावे. अंगावर पाजल्यावर बाळ पुन्हा वर घ्यायला विसरू नये.

दुचाकीवर हा पट्टा अजिबात नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमात चार वर्षांच्या आतील मुलासाठी चालकाला जोडणारा वेगळा सुरक्षा-पट्टा, नऊ महिन्यांपुढील मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली आहे. कापडी पट्टा ते काम करीत नाही. तसेच बाळ अंगावर असताना गॅसपाशी उभे राहू नये, गरम चहा पिऊ नये.

घेण्याआधी दुकानदाराला घालून दाखवायला सांगावे. शेजारणीचा जुना मिळत असेल तर खुशाल घ्यावा, पण शिवण ओढून पाहावी आणि बकल दहा वेळा लावून-काढून पाहावे. घरी आल्यावर आधी तीन किलो तांदळाची पिशवी बांधून खोलीत फेऱ्या माराव्यात. नंतर बाळ घ्यावे, तेही पलंगाशेजारी उभे राहून, जवळ दुसरे माणूस असताना.