गेम अडकतो म्हणून अँटिव्हायरस बंद करताय? थांबा, आधी हे बघा

मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात ज्यांचा होमस्टे आहे, त्यांच्या घरी कॉम्प्युटर बहुतेक वेळा एकच असतो. दिवसा त्यावर बुकिंग आणि बँकेची कामं, रात्री पोरांचं व्हॅलोरंट नाहीतर माइनक्राफ्ट. गेम अडकला की पहिला बळी अँटिव्हायरसचा जातो, दुसरा फायरवॉलचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेटही थांबलेत. म्हणजे जुन्या मशीनवर आधीच एक दार उघडं, आणि दुसरं आपण स्वतःच उघडतोय.

पण गेम खरंच अँटिव्हायरसमुळे अडकतो का?

आधी अडकतंय काय ते बघा. पिंग वाढत असेल, तर अँटिव्हायरसचा संबंध सहसा नसतो. तो खेळ अंतराचा आणि नेटवर्कचा. फायबरमधून सिग्नल एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मालवण ते मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. सिंगापूरचा सर्व्हर धरला की तोच आकडा किमान ४० च्या पुढे. त्यावरचं सगळं वायफाय, मोबाईल टॉवर आणि कंपनीच्या वळणावळणाच्या रस्त्याचं. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, तोच निवडलाय ना, हे आधी तपासा.

पिंग स्थिर आहे, पण चित्रच धक्के खात चाललंय? मग अँटिव्हायरसवर संशय घ्यायला जागा आहे. तो प्रत्येक फाइल उघडताना तपासतो, आणि जुनी हार्ड डिस्क तिथेच दमते. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. दोन दिवस लाइट नसते, ती आली की विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसचे अपडेट, राहून गेलेलं स्कॅन, सगळं एकदमच सुरू होतं. तेव्हा तासभर मशीनला तिचं काम करू द्या, मग खेळा.

मग घ्यायचा कोणता? घरगुती वापराला विंडोजमधला डिफेंडर बऱ्याच जणांना पुरतो. विकतचा घ्यायचा तर त्यात गेम मोड आहे का ते बघा, म्हणजे खेळताना स्कॅन आणि सूचना मागे राहतात. पुण्यातल्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या क्विक हीलसकट अनेक पर्याय आहेत. फक्त दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांवरच संशय घेत बसतात. विकत घेतलेल्या गेमचा फोल्डर स्कॅनमधून वगळायला हरकत नाही. डाउनलोडचा फोल्डर किंवा अख्खा डी ड्राइव्ह मात्र कधीच नाही.

कारण धोका गेमच्याच वाटेने येतो. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉड्समध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस सापडला. हे मॉड्स कुठल्या आडवळणाच्या साइटवर नव्हते, कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणी होते. ब्राउझरमधली लॉगिन चोरणं हे त्याचं एक काम. २०२२ मध्ये तर गेन्शिन इम्पॅक्टचा चीटिंग रोखणारा ड्रायव्हर वापरून हल्लेखोरांनी अँटिव्हायरसच बंद पाडल्याचं उघड झालं. आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारा क्रॅक गेम? तो फुकट का मिळतोय, याचं उत्तर त्या सूचनेतच आहे.

आता फायरवॉल. गेम पहिल्यांदा उघडला की विंडोज परवानगी मागते, तिथे फक्त ‘प्रायव्हेट’ला हो म्हणा. होमस्टेच्या ज्या वायफायवर पाहुण्यांचे मोबाईल चालतात, ते नेटवर्क तुमच्या घरात असलं तरी ‘पब्लिक’च धरा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर पाहुण्यांना तेच द्या. ‘स्ट्रिक्ट नॅट’ दिसतं म्हणून फायरवॉल बंद करण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. मोबाईल इंटरनेटवर एकच पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, ती अडचण कंपनीच्या टोकाला असते. तुमचा फायरवॉल पाडून ती सुटत नाही.

विंडोज १० वरच राहायचं असेल, तर सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत. सुरुवातीला जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे.

आणि पैसे गेलेच, तर गेम पुन्हा टाकत बसू नका. दुसऱ्या मोबाईलवरून बँकेचा पासवर्ड बदला आणि लगेच १९३० ला फोन लावा.