हुमणाशेजारी बिअर

आपल्याकडे बिअर जेवणाआधी पितात, जेवणासोबत नाही. पेडणे असो की डिचोली, सुट्टीत गावी गेलं की पुरुषमंडळी शेंगदाणे-फरसाण घेऊन बसतात ती अकरापर्यंत. तोवर हुमण दोनदा गरम होतं, रांधणारी ताटकळते आणि शेवटी जीभ एवढी बधिर झालेली असते की बांगडा काय नि बटाटा काय! बेल्जियम-जर्मनीत बिअर ताटाशेजारी असते. हा रिवाज उचलण्यासारखा आहे, कारण तिथल्या बिअरचे वास आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहेत.

बेल्जियन विटबिअर घ्या. गव्हाची, फिकट आणि थोडी गढूळ. तिच्यात चक्क धणे आणि संत्र्याची साल घालतात. हूगार्डन गावात ती १९५०च्या दशकात बंदच पडली होती. पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या हुमणासोबत ती घेऊन पाहा. तिरफळाचा वासही लिंबाच्या सालीच्या जवळचाच, त्यामुळे दोघांचं छान जमतं.

जर्मन वाइसबिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. ही सगळी करामत यीस्टची. ही बिअर रवा लावून तळलेल्या सुंगटांसोबत घ्यावी. तिचा भरपूर फेस तेलकटपणा धुऊन काढतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो.

शागोती असेल तर डुंकेल, म्हणजे बव्हेरियाची तपकिरी बिअर. खोबरं भाजताना जो खमंगपणा येतो, तसाच मोड आलेलं जव चढत्या आचेवर वाळवताना येतो. दोन्हींमागची रासायनिक क्रियाही एकच. डुंकेल मिळवायला मात्र थोडी शोधाशोध करावी लागते.

एक पथ्य पाळा. हुमणात हरमलची मिरची सढळ हाताने पडली असेल, तर आठ टक्क्यांची 'स्ट्राँग' बाजूला ठेवा. जास्त अल्कोहोल आणि हॉप्सचा कडवटपणा तिखटाची आग वाढवतात. वरच्या तिन्ही बिअर साधारण पाच टक्क्यांच्या असतात. शिवाय बर्फासारखी गार बिअर वासच देत नाही, म्हणून बाटली फ्रीजमधून दहा मिनिटं आधी काढा.

कायद्याने महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे. गाडीची चावी न पिणाऱ्याकडेच द्या. एक बाटली दोघांत पुरे. आणि ताटं साडेआठलाच मांडा, म्हणजे जिने हुमण केलं तीही सर्वांसोबत गरम गरम जेवेल.